बैठकीच्या खोलीतला अंधार

मंगळवार, १४ ऑक्टोबर

वारा नैऋत्येचा, जोर बेताचा. कालव्याचं पाणी नेहमीच्या खुणेला. (नोकरी सुटली तरी हात ही ओळ आपोआप लिहितो. अडतीस वर्षं बांध-निरीक्षक म्हणून पाणी-मंडळाच्या वहीत लिहिली, आता स्वतःच्या वहीत.)

निर्णय झाला. प्रोजेक्टर घ्यायचा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे पंचाईत नको. अडतीस वर्षं वादळ आलं की सगळं गाव घरात आणि मी समुद्राच्या बांधावर. माझी बायको रिन्स्के तेवढ्या सगळ्या संध्याकाळी खिडकीशी एकटी विणत बसली. कधी कुरकुर केली नाही. सप्टेंबरात निवृत्त झालो तेव्हाच मनाशी ठरवलं, की हिच्या संध्याकाळी हिला परत द्यायच्या. पण सहा आठवड्यांत एक गोष्ट ध्यानात आली: आम्हाला दोघांना एकत्र बसायची सवयच नाही. ती बाहेर गल्लीकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. थोड्या वेळाने ती विचारते, "काही हवंय का तुला, डाउवे?"

दोघांनी मिळून बघायला काहीतरी हवं. आमचा टीव्ही कोपऱ्यात आहे आणि त्याच्याकडे बघायचं तर एकाला मान वाकडी करावी लागते. प्रोजेक्टरचं चित्र अडीच मीटर रुंद होतं. त्यात दोघं सहज मावतील.

शनिवार, १८ ऑक्टोबर

खोकं आलं. आत वीस भाषांमधलं माहितीपुस्तक. मी आपली भाषा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग खात्रीसाठी जर्मनही वाचली. भिंतीपासून तीन मीटर चाळीस सेंटिमीटरवर छताला अडकवला. पाणसळ लावून बघितली, केसभरही तिरका नाही. दिव्याचं आयुष्य चार हजार तास. रोज दोन तास धरले तर मी त्र्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत पुरेल. मग बघू, आधी कोण बदलावं लागतं.

दुपारी तीनला रिन्स्केला बोलावलं आणि मोठ्या थाटात बटण दाबलं.

"कुठाय?" ती म्हणाली.

"भिंतीवर बघ."

"भिंतच दिसतेय."

खरं होतं. आमची खिडकी भिंतीएवढी, तिच्यातून सगळा दिवस आत येतो. अंधार पडेपर्यंत थांबलो, तर नेमका गल्लीचा दिवा खिडकीसमोर. चित्र दिसलं, पण दूध जास्त झालेल्या चहासारखं. रिन्स्के म्हणाली, "छान आहे हो," आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. "हो" तिच्या तोंडी आला की समजायचं, छान नाहीये.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

"पडदे?" रिन्स्के म्हणाली. "गल्लीकडच्या खिडकीला? आपल्या? अख्ख्या गल्लीत कुणाला आहेत का?"

"काळे. जाड. प्रकाशाचा कवडसा येता कामा नये."

"अरे, माणसं काय म्हणतील? घरात नोटा छापतोय का आपण?"

"प्रोजेक्टरला अंधार पक्का हवा."

"माझ्या आजीने युद्ध संपलं त्या दिवशी ब्लॅकआउटचे पडदे काढले, ते आमच्या घराण्यात पुन्हा कुणी लावले नाहीत."

मी तिला समजावलं, की हा प्रश्न घराण्याचा नसून प्रकाशाचा आहे. संध्याकाळी दांडी ठोकली, पडदे ओढले. काय अंधार! स्वतःचा हात दिसेना. मग चित्र लावलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. समुद्राचा माहितीपट होता. लाट भिंतीवरून अशी आली की मी सवयीने तिची उंची मोजली.

रिन्स्केकडे वळून बघितलं, पण अंधारात ती दिसली नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

सकाळी साडेनऊला शेजारची आल्ट्ये दारात. हातात वाटाण्याच्या सुपाचं भांडं आणि चेहरा पडलेला.

"कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

"कुणी नाही."

"मग पडदे? घरात कुणी गेल्याशिवाय दिवसा कोण ओढतं?"

मी तिला आत नेऊन प्रोजेक्टर दाखवला. तिने छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि जाताना सूप परत घेऊन गेली. सूप चांगलं दिसत होतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

वारा उत्तरेचा, जोर वाढता. काल हिवाळ्यासाठी सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. आता पाचच्या सुमारास अंधार. प्रोजेक्टरवाल्यांसाठी ही दिवाळी म्हणायची, आपल्याकडे बाकी कुणी साजरी करत नसलं तरी.

खिडकीच्या फळीवरच्या रिन्स्केच्या दोन ऑर्किडची पडद्यामागे घुसमट होते, असं ती म्हणते. समोरच्या हिलब्रांडने तोडगा काढला. हा आमच्या गावचा जुना बेकरीवाला, दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकटा. त्याची खिडकी दक्षिणेकडची आणि फळी रिकामी. रिन्स्केने कुंड्या त्याच्याकडे ठेवल्या. मला बरंच वाटलं; आता पडदा भिंतीला घट्ट बसतो.

मात्र पाणी घालायला तिला रोज समोर जावं लागणार. फुलांच्या दुकानातली बाई म्हणते ऑर्किडला आठवड्यातून एकदा पाणी पुरे. पण झाडांतलं रिन्स्केला जास्त कळतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

एक अडचण. रिन्स्केला विणताना दिवा लागतो आणि त्याचा पिवळा डाग नेमका चित्राच्या डाव्या कोपऱ्यात पडतो. मी तीन उपाय सुचवले: एक, तिने विणकाम सोडावं. दोन, दिव्याला काळं कागदी टोपरं घालावं. तीन, आंधळे लोकही विणतातच.

तिने चौथा काढला. दिवा समोर नेऊन ठेवला. पाणी घालायला जाते तेव्हा तिथेच दोन ओळी विणून येते. हिलब्रांडकडे नुसता छताचा दिवा आहे, त्यालाही वाचायला बरं पडतं म्हणे. समजूतदार बायको मिळणं हे नशिबाचं काम आहे.

प्रोजेक्टरचा दिवा झाला: ३१ तास.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हिलब्रांडला शिष्टाचार म्हणून चित्रपट बघायला बोलावलं होतं. तो आला. कॉफीच्या कपात किती उरलंय ते दिसेना म्हणून दोनदा बोट बुडवलं. मध्येच त्याने रिन्स्केला काहीतरी विचारलं, ती हसली, मी "श्श" केलं. दोघंही शहाण्या पोरांसारखी गप्प बसली.

जाताना म्हणाला, "चित्र मोठं आहे, डाउवे." यालाच मी जाणकाराची दाद म्हणतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रिन्स्केच्या खुर्चीची पाठ उंच आहे. तिची सावली रोज भिंतीवरच्या समुद्रावर पडत होती. मी ती आधी भिंतीशी सरकवली, मग दाराशी, मग वाटेत येऊ लागली. शेवटी मीच म्हटलं, "ही समोर का नाही ठेवत? नाहीतरी तू तिथे स्टुलावर बसून विणतेस, पाठ धरेल तुझी."

रिन्स्केने सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या. "तूच सांगतोयस हं," ती म्हणाली.

"मग! पाठीचं दुखणं वाईट."

हिलब्रांड आणि मी दोघांनी मिळून खुर्ची रस्त्यापलीकडे नेली. जड आहे, ओकची. पुढून तो, मागून मी, आणि रिन्स्के विणकामाची टोपली घेऊन पाठोपाठ. गल्लीतल्या सहा खिडक्यांतून माणसं बघत होती. आल्ट्येने तर भांडं घासायचं थांबवलं. एवढी साधी खुर्ची, पण लोकांकडे करमणुकीची किती वानवा आहे बघा. त्यांच्याकडे प्रोजेक्टर नाही.

आता खोलीत माझी एकच खुर्ची, बरोबर मधोमध. माहितीपुस्तकाच्या सतराव्या पानावर अगदी अशीच आकृती आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पश्चिमेचा जोरदार वारा. बांधावर आज कोण असेल, असा विचार आला. मग नवे स्पीकर जोडले आणि वारा ऐकू येईनासा झाला.

देवमाशांवरचा माहितीपट लावला. ऐन रंगात आला असताना रिन्स्के कोट घालून दारात उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो हो." ती आणखी थोडी थांबली, मग गेली. काय म्हणाली ते विचारायचं राहून गेलं.

देवमासे जोडीने राहत नाहीत, असं कळलं. मला वाटत होतं राहतात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रिन्स्के रोज दहाच्या ठोक्याला परत येते. काल मी खुर्चीतच झोपलो होतो. जाग आली तेव्हा अंगावर घोंगडी आणि प्रोजेक्टर बंद. तिने बंद करताना पंखा थंड होईपर्यंत थांबायला हवं होतं, तसं सांगायला वर गेलो. ती झोपली होती. सकाळी सांगितलं.

खरं म्हणजे एक गोष्ट खटकते. हे यंत्र दोघांसाठी घेतलं होतं. पण ती समोरून आल्यावर इतकी खुशीत असते, की तक्रार तरी काय करायची? फुलं मानवलेली दिसतात.

दिवा: ९० तास.

शनिवार, २९ नोव्हेंबर

बाजारात चीजच्या गाडीपाशी आल्ट्ये भेटली.

"काय डाउवे, कसा आहे तुझा अंधार?"

"एकदम पक्का. काही म्हणजे काही दिसत नाही."

"हो ना," ती म्हणाली. "गल्लीत आम्ही तेच म्हणत होतो."

चीजवाला हसला. मग आल्ट्ये म्हणाली, हिलब्रांड दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलाय, पुन्हा भट्टी लावतो, दाढी रोज करतो. मी म्हटलं, घरात हिरवं काही असलं की माणूस सुधारतोच. यावर तिने माझ्या दंडावर थोपटलं. आल्ट्ये कुणाला थोपटणारी बाई नाही. तिची तब्येत बरी नसावी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज सेंट निकोलसची, भेटींची संध्याकाळ. सहाला बेल वाजली, दारात कुणी नाही, पायरीवर पोतं. आत माझ्या नावाचं पहिलं अक्षर, चॉकलेटचं, आणि रीतीप्रमाणे निनावी टोमणेगीत. गेल्या वर्षी मंडळातल्या पोरांनी माझ्या गमबुटांवर केलं होतं. यंदाचं असं:

भिंतीवरती दर्या उसळे, समोर एकच नावाडी,
अंधाराला कुलूप लावुन शोधी आपुली होडी.
बाबा, जग जर बघायचे तर एवढे तरी तू कर:
भिंतीकडे रे पाठ फिरव अन् खिडकीकडे बघ जर.

शेवटची ओळ यमकासाठी ओढूनताणून आणली आहे, म्हणजे हे आल्ट्येचंच काम. रिन्स्केला वाचून दाखवायचं होतं, पण ती समोर होती. सणाच्या दिवशी हिलब्रांडने एकटं का बसावं?

मी मात्र गीतावर विचार करत राहिलो. गल्लीतली माणसं प्रोजेक्टरकडे किती बारकाईने लक्ष देतात! सूचना अगदी योग्य आहे. सगळी मांडणी उलटी करायची. भिंतीकडे पाठ करून बसायचं आणि चित्र खिडकीवर पाडायचं. आमची खिडकी भिंतीवरच्या चित्रापेक्षा साठ सेंटिमीटरनी रुंद आहे! हे मला आधी कसं सुचलं नाही? पांढरं कापड मागवलं. खिडकीच्या चौकटीत ताणून बसवीन, मागे काळं अस्तर.

सोमवार, ८ डिसेंबर

कापड दुपारी आलं. जेवण साडेपाचला झालं, रिन्स्के सातला गेली. कापड बसवायचं तर आधी पडद्यांची दांडी काढायला हवी. साडेसातला शिडीवर चढलो, दोन स्क्रू सोडवले, तिसरा सोडवायच्या आधीच दांडी पडद्यांसकट खाली आली.

आणि समोर सगळं दिसलं.

हिलब्रांडच्या खिडकीत आमची दोन ऑर्किड, फुललेली. मध्ये आमचा दिवा. दिव्याखाली रिन्स्केची खुर्ची, खुर्चीत रिन्स्के. ती विणत नव्हती. ती बोलत होती. हात हलवत, मान मागे टाकून, मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर हसत. हिलब्रांड गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. पडदा नाही, आडोसा नाही. लपवण्यासारखं काही नव्हतंच. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही बघावं. कडा स्वच्छ, रंग खरे. मला दीड महिना जे जमलं नाही, ते समोर एका दिव्यावर जमलं होतं.

ती इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत मी तिचे हात असे हलताना बघितले नव्हते.

शिडीवरून मी डावीकडे बघितलं. आल्ट्येच्या खिडकीत आल्ट्ये होती. तिने पटकन नजर खाली वळवली. तिच्या पलीकडच्या घरातही तेच. सहा आठवडे हे सगळ्या गल्लीने रोज बघितलं होतं. पडदे लावून बसलेला मी एकटाच होतो. आणि खुर्ची तर मीच उचलून नेली होती.

मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण वहीत खरं लिहायची मला सवय आहे.

कोट न घालताच रस्ता ओलांडला आणि बेल वाजवली. हिलब्रांडने दार उघडलं.

"डाउवे! आज यायचं ठरलं होतं का आपलं?"

"नाही. सहज आलो."

"सहज," तो म्हणाला आणि गोंधळून मागे बघायला लागला. आमच्याकडे आधी दिवस ठरवल्याशिवाय कुणी कुणाकडे बसायला जात नाही. रिन्स्के बाहेर आली.

"काय झालं? बांध फुटला?"

"पडद्यांची दांडी पडली."

"लागलं का तुला कुठे?"

"नाही." मग मी विचारलं, "तू इथे रोज अशी बसतेस?"

"तुला विचारलं होतं मी. दारात उभी राहून. रोज संध्याकाळी समोर बसायला गेले तर चालेल का? तू हो म्हणालास."

"मला ऐकू आलं नव्हतं, रिन्स्के. देवमासे चालले होते."

"तेही माहीत होतं मला," ती म्हणाली.

हिलब्रांड स्वयंपाकघरात काहीतरी आहे असं पुटपुटत आत गेला. तो सज्जन माणूस आहे. त्यामुळे जास्तच वाईट वाटतं.

"मी हे सगळं तुझ्यासाठी घेतलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या संध्याकाळी..."

तिने माझी बाही धरली. थंडीत नुसत्या सदऱ्यावर आलो म्हणून रागावली, मग म्हणाली, "अरे, अडतीस वर्षं त्या खिडकीत बसून मी बांधाकडून येणारा तुझा दिवा बघत होते. तू एकदाचा घरी आलास आणि पहिली गोष्ट काय केलीस? खिडकीच बंद केलीस."

"आता काढलेत पडदे."

"दांडी पडली म्हणून."

हे खरं होतं.

"घरी चल ना," मी म्हटलं.

"दहाला येतेच की रोज."

"मग मी आत येऊ? थोडा वेळ?"

रिन्स्केने आत बघितलं. मीही बघितलं. टेबलावर बदामाच्या केकचे दोन तुकडे, दोन कप. हिलब्रांड तोवर परत आला होता आणि त्याचा चेहरा ओशाळला होता.

"आज दोनच कापलेत रे," तो म्हणाला, आणि दारामागच्या खिळ्यावरची दिनदर्शिका काढून बोट फिरवू लागला. "उद्या चर्चची गाण्याची तालीम. बुधवारी रिन्स्केची बहीण येतेय इकडे. गुरुवार?"

"गुरुवार बरा," रिन्स्के म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं, चेष्टा करत नव्हती. "येशील? मला आवडेल तू आलास तर."

मी म्हटलं, बघून सांगतो. तोंडातून गेलं सवयीने. घरी आलो, कोटाच्या खिशातली डायरी काढली. निवृत्तीनंतरची सगळी पानं कोरी आहेत. गुरुवार मोकळा होता. पुन्हा रस्ता ओलांडून तसं सांगून आलो. हिलब्रांडने पेन्सिलीने माझं नाव लिहिलं.

प्रोजेक्टर आज लावला नाही. पडदे जमिनीवर पडले आहेत. मी मधोमध बसलोय आणि येणारे-जाणारे आत बघून मान डोलावतात, मीही डोलावतो. समोर ती अजून बोलतेय. काय बोलतेय ते इथून कळत नाही.

विसरू नये म्हणून:

गुरुवार, ११ डिसेंबर. साडेसात ते नऊ. रिन्स्के.

खुर्ची आपली आपण न्यायची. त्यांच्याकडे खिडकीशी दोनच आहेत.